फळ्यावरचा सुविचार आणि सरकारी तिजोरी: 1882 सालच्या एका निवेदनाची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग.

आजचा विषय ऐकून काही जण लगेच पुढचा एपिसोड लावतील याची मला कल्पना आहे. विषय आहे, शिक्षणात तत्त्वज्ञान आणि मूल्यं यांचं काय काम? जड वाटतं ना? दोन मिनिटं थांबा. कारण मी तुम्हाला प्लेटो किंवा उपनिषदं सांगणार नाहीये. मी सांगणार आहे पैशांची गोष्ट. सरकारी तिजोरीत पैसा कोणाच्या खिशातून येतो, तो शाळांवर कसा खर्च होतो, आणि त्यावरून पुण्यातल्या एका माणसाने इंग्रज सरकारला काय सुनावलं, त्याची गोष्ट.

आपल्यातले बरेच जण महाराष्ट्रातल्या मराठी शाळेत शिकलेत. परिपाठ आठवतो? प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, बातम्या. आणि मूल्यशिक्षणाची ती दहा मूल्यं. राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा. मला अजून पाठ आहेत. यादी चांगलीच आहे, त्यात वाद नाही. पण या यादीमुळे आपल्या डोक्यात एक चित्र पक्कं बसतं, की मूल्यं म्हणजे मुलांना शिकवायची गोष्ट. रोज सकाळी दहा मिनिटं शिकवायची, मग गणिताचा तास सुरू.

माझं म्हणणं असं आहे, की शाळेची खरी मूल्यं पहिली घंटा होण्याच्या कितीतरी आधी ठरलेली असतात. शाळा कोणासाठी उघडायची, आधी कोणाला शिकवायचं आणि नंतर कोणाला, त्याचे पैसे कोणी द्यायचे, शिकवायला कोण उभं राहणार, या प्रश्नांची उत्तरं हेच त्या शाळेचं तत्त्वज्ञान. ते कुठे लिहून ठेवलेलं नसलं तरी असतंच. मुलं ते पुस्तकातल्या धड्यापेक्षा लवकर शिकतात.

हे नीट समजायला आपल्याला जुन्या मुंबई इलाख्यात जायला हवं.

वरच्या घड्यात पाणी ओता

साल 1840. मुंबई इलाख्यात बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झालं. सरकारकडून शिक्षणासाठी मिळणारा पैसा अगदी तुटपुंजा. त्यामुळे प्रश्न आला, की या थोड्या पैशात कोणाला शिकवायचं?

1843 पासून या बोर्डाचे अध्यक्ष होते सर अर्स्किन पेरी, पेशाने न्यायाधीश. त्यांचा कल स्पष्ट होता. इंग्रजीतून उच्च शिक्षण द्यायचं, आणि ते समाजातल्या वरच्या, वजनदार वर्गाला द्यायचं. याच बोर्डात जर्व्हिस नावाचे लष्करी अभियंते होते. त्यांचं मत उलटं. लोकांना त्यांच्या भाषेत शिकवा, म्हणजे शिक्षण जास्त लोकांपर्यंत जाईल. नाना शंकरशेट देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. 1840 च्या दशकात या मुद्द्यावर बोर्डात चांगलीच जुंपली.

पेरींच्या विचारामागे त्या काळात हिंदुस्थानभर चाललेला एक सिद्धांत होता. आपण त्याला झिरपण्याचा सिद्धांत म्हणूया. 2 फेब्रुवारी 1835 ची मेकॉलेची टिपणी बहुतेकांनी ऐकलेली असते, तिच्यातही हाच विचार आहे. कल्पना करा, एकावर एक घडे रचलेत. सगळ्यात वरच्या घड्यात पाणी ओता. तो भरला की पाणी झिरपत झिरपत खालच्या घड्यांत उतरेल. म्हणजे आधी मूठभर लोकांना उत्तम शिकवा, ते पुढे बाकीच्यांना शिकवतील.

ऐकायला यात काही चूक वाटत नाही. उलट शहाणपणाचं वाटतं. पैसा कमी आहे, सगळ्यांना एकदम शिकवता येणार नाही, मग कुठून तरी सुरुवात करावीच लागेल. आजही आपण असं बोलतोच की. आधी हुशार मुलांकडे लक्ष देऊ, बाकीचे मागून येतील.

पण यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. वरच्या घड्याला खाली भोक असेल, ही. ते नसलं तर?

1854 साली वुडचा खलिता आला. त्यात कंपनी सरकारनेच कबूल केलं की सामान्य लोकांच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष झालंय आणि आता तिकडे लक्ष द्यायला हवं. कागदावर धोरण बदललं. दोनच वर्षांनी, 1856 मध्ये, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. त्याला नाकारण्यात आलं. शाळा सरकारी, पैसा सरकारी, पण बाकीची मुलं शाळा सोडून जातील ही भीती. पुढे वरून निर्णय आला की सरकारी शाळा सगळ्या जातींना खुल्या आहेत. निर्णय आला, पण गावोगावच्या शाळेच्या ओसरीवर तो पोचायला किती काळ लागला हे आपल्याला माहीत आहे.

पेठ जुना गंज, पुणे

आता या झिरपण्याच्या सिद्धांताचा हिशोब मागणारा माणूस.

3 फेब्रुवारी 1882 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या सरकारने एक शिक्षण आयोग नेमला. अध्यक्ष विल्यम हंटर, म्हणून त्याला हंटर कमिशन म्हणतात. आयोगाने देशभरातून निवेदनं आणि साक्षी मागवल्या. पुण्याहून 19 ऑक्टोबर 1882 या तारखेचं एक निवेदन गेलं. लिहिणाऱ्याने स्वतःची ओळख दिली होती: व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपालिटीचा सभासद, राहणार पेठ जुना गंज. नाव जोतीराव गोविंदराव फुले.

ही ओळख मला फार आवडते. तेव्हा जोतीराव पंचावन्न वर्षांचे होते. 1848 साली त्यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली त्याला चौतीस वर्षं झाली होती. त्या शाळेत सावित्रीबाईंनी शिकवलं. त्यानंतर महार-मांग मुलांसाठीही शाळा काढल्या. 1852 साली खुद्द सरकारने विश्रामबाग वाड्यात शालजोडी देऊन सत्कार केला. 1873 साली सत्यशोधक समाज स्थापन केला. हा माणूस स्वतःला समाजसुधारक, लेखक, विचारवंत असं काहीही म्हणवू शकला असता. त्यांनी लिहिलं, व्यापारी आणि शेतकरी. म्हणजे पैसा कसा कमावला जातो आणि धान्य कसं पिकतं हे माहीत असलेला माणूस बोलतोय.

आणि बोलणंही तसंच आहे. त्यांचा पहिला मुद्दा थेट महसुलाचा. सरकारच्या तिजोरीत जो पैसा येतो त्यातला मोठा भाग शेतकऱ्याच्या घामातून येतो. वरचे, श्रीमंत वर्ग त्यात फारशी भर घालत नाहीत. मग या पैशातून मोठा खर्च वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर का होतो? ज्याच्या कष्टावर शाळा चालतात, त्याचंच पोर शाळेबाहेर का?

थोडं थांबून बघा, त्यांनी काय केलं. समोरच्याने शिक्षणाच्या धोरणाबद्दल विचारलं. यांनी करांचा हिशोब मांडला, आणि त्या हिशोबातून नीतीचा प्रश्न उभा केला. माझ्या मते तत्त्वज्ञान म्हणतात ते हेच. न्याय म्हणजे काय, हे हवेत न विचारता जमाखर्चाच्या वहीत विचारणं.

मग ते झिरपण्याच्या सिद्धांताकडे वळतात. मुद्दा असा, की सरकारला वाटलं होतं वरचे लोक शिकतील आणि मग खालच्यांना शिकवतील. इतकी वर्षं झाली. शिकले का कोणी खालचे? ज्यांना विद्या मिळाली त्यांनी ती स्वतःपाशीच ठेवली, ती जणू त्यांची खासगी मिळकत. म्हणजे वरचा घडा भरला, आणि घड्याने तोंड बांधून घेतलं.

मागण्या बघा, भाषण नव्हे

या निवेदनाची खरी ताकद मला त्यातल्या मागण्यांमध्ये दिसते. चिडून चार शब्द बोलणं सोपं असतं. जोतीराव मात्र पुढे एकेक गोष्ट अशी सांगतात की उद्या सकाळी अंमलात आणता येईल.

पहिली गोष्ट, प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत. 1882 साली.

दुसरी गोष्ट, शिक्षक. तेव्हाचे बहुतेक शिक्षक ब्राह्मण होते. जोतीरावांचं म्हणणं, की शेतकरी समाजातूनही शिक्षक तयार करा. असा शिक्षक की ज्याला गरज पडली तर नांगर धरायची किंवा सुताराची किकरी हातात घ्यायची लाज वाटणार नाही आणि जो खालच्या थरातल्या लोकांत सहज मिसळेल. आता विचार करा, नांगर धरणारा मास्तर जेव्हा वर्गात उभा राहतो तेव्हा मुलांना श्रमप्रतिष्ठा हा शब्द फळ्यावर लिहून द्यावा लागेल का?

तिसरी गोष्ट, पगार. प्रशिक्षित शिक्षकाला महिना 12 रुपयांपेक्षा कमी देऊ नका, मोठ्या गावात 15 किंवा 20 द्या. गावातलं पोस्टाचं काम, स्टॅम्प विकण्याचं काम अशी कामं शिक्षकाला दिली तर त्याच्या पगाराला हातभार लागेल आणि गावात त्याची पतही वाढेल.

चौथी गोष्ट, अभ्यासक्रम. मोडी आणि बालबोध वाचणं-लिहिणं, हिशोब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आणि नीती व आरोग्याचे काही धडे. मोडी का? कारण सावकाराचे आणि सरकारचे कागद मोडीत असायचे. ज्याला मोडी वाचता येत नाही तो अंगठा कुठे उठवतोय हे त्याला कळत नाही. आणि हेही बघा, नीतीचे धडे या यादीत आहेत, पण ते हिशोब, शेती आणि आरोग्याच्या शेजारी बसलेत. वेगळ्या चौरंगावर नाहीत.

पाचवी गोष्ट मला वाचताना हसू आलं, इतकी ती आजची वाटते. शाळा तपासनीस वर्षातून एकदा येतो, त्याचा काय उपयोग? निदान तीन महिन्यांनी तपासणी करा. आणि मध्ये मध्ये आगाऊ कळवल्याशिवाय या. ज्यांनी ज्यांनी तपासणीच्या आदल्या दिवशी शाळेचं अंगण झाडलंय, त्यांना हे लगेच कळेल.

सहावी, पैसा. शेतकऱ्याकडून जो लोकल सेस गोळा होतो, त्यातला निदान अर्धा प्राथमिक शिक्षणावर खर्च करा.

याशिवाय महार-मांगांची वस्ती मोठी असेल तिथे त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढा, असंही ते म्हणतात. समतेची भाषा बोलणारा माणूस वेगळी शाळा मागतो, हे पहिल्यांदा वाचताना खटकतं. पण जोतीरावांना गावची शाळा माहीत होती. कायद्याने दार उघडं आहे आणि तरी पोरगं आत बसू शकत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी आधी पोराच्या हातात पाटी येईल असं बघितलं.

आणि एक गैरसमज दूर करूया. जोतीराव उच्च शिक्षणाच्या विरोधात नव्हते. सरकारने शाळा-कॉलेजांतून अंग काढून घ्यावं आणि सगळं खासगी संस्थांवर सोडावं, या कल्पनेला त्यांनी विरोध केला. कॉलेजात जाणं परवडत नाही अशा मुलांना बाहेरून बसून विद्यापीठाची प्रवेश परीक्षा देता येते, याचं त्यांनी स्वागत केलं आणि वरच्या परीक्षांनाही तशी सोय व्हावी असं सुचवलं. आज नोकरी करत करत बाहेरून डिग्री पूर्ण करणाऱ्या तुमच्यापैकी कोणालाही या सूचनेची किंमत सांगायला नको.

आयोगाने काय केलं? प्राथमिक शिक्षण वाढवायला हवं हे मान्य केलं. त्याची जबाबदारी स्थानिक संस्थांकडे द्यायला सांगितलं. सक्तीचा मुद्दा मात्र बाजूला राहिला.

वरच्या घड्यातून आलेला माणूस

इथे एक प्रामाणिक शंका घेता येते. झिरपण्याचा सिद्धांत अगदीच फोल ठरला का? एल्फिन्स्टन कॉलेजातून दादाभाई, रानडे, गोखले बाहेर पडले. त्यांनी समाजासाठी काही केलं नाही असं कोण म्हणेल?

रास्त प्रश्न आहे. तर गोपाळ कृष्ण गोखल्यांचंच उदाहरण घेऊ. 1884 साली ते बी.ए. झाले. चांगल्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती. ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि पुढे फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी 1880 मध्ये सुरू केलेली ही शाळा. आगरकर लवकरच येऊन मिळाले. 1884 मध्ये त्यातून डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. तिच्या आजीव सभासदांनी थोड्या पगारावर वीस वर्षं शिकवायचं असा दंडक होता. पुढे टिळक आणि आगरकर यांच्यात तत्त्वांवरून इतकं बिनसलं की टिळक 1890 मध्ये संस्थेतून बाहेर पडले. ती गोष्ट मोठी आहे, तिच्यासाठी वेगळा भाग करू.

आपल्या कामाचा मुद्दा असा. गोखले 16 मार्च 1911 रोजी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक घेऊन उभे राहिले. मागणी किती माफक होती बघा. सक्ती सगळ्या देशात लगेच नको. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातात, तिथल्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला वाटलं तर त्यांनी ती लागू करावी. सुरुवातीला फक्त सहा ते दहा वयाच्या मुलांसाठी. ज्याचं उत्पन्न महिना 10 रुपयांपेक्षा जास्त नाही त्याच्या मुलाला फी माफ. बस.

मार्च 1912 मध्ये मतदान झालं. विधेयकाच्या बाजूने 13 मतं, विरोधात 38.

विरोध करणाऱ्यांत सरकारी अधिकारी होते आणि आपलेही काही लोक होते. वेळ आलेली नाही, पैसा नाही, लोकांची मागणी नाही, अशी कारणं दिली गेली. आणि जमीनदारांच्या मनात तो जुना प्रश्न होताच, की सगळी पोरं शाळेत गेली तर शेतात राबणार कोण?

म्हणजे वरच्या घड्यातलं पाणी एका गोखल्यांच्या रूपाने खाली यायला निघालं, आणि वाटेत त्याला अडतीस बोळे लागले. माणूस मूल्यं घेऊन उभा राहू शकतो. पण व्यवस्थेची मूल्यं बदलायला नुसती चांगली माणसं पुरत नाहीत.

एका रुपयाचा दंड

मंडळी, पैसा नाही हे कारण खरं होतं का? त्याचं उत्तर दोन संस्थानांनी दिलं.

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. 1919 मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि त्या मुलांना बाकीच्यांबरोबर बसवण्याचा हुकूम काढला.

आता जोतीरावांची मागणी आणि शाहूंचा हुकूम शेजारी ठेवा. एकाने वेगळ्या शाळा मागितल्या, दुसऱ्याने त्या बंद केल्या. मूल्य एकच, सदतीस वर्षांत परिस्थिती आणि हातातली सत्ता वेगळी. तत्त्व जपायचं म्हणजे तेच उत्तर पुन्हा पुन्हा द्यायचं असं नव्हे, हे मला या जोडीकडून कळतं.

पुण्यात मात्र 1920 च्या सुमारास वेगळाच वाद रंगला. नगरपालिकेने सक्तीचं शिक्षण सुरू करायचं ठरवलं. पण पैसा अपुरा, म्हणून आधी फक्त मुलांना आणि मुलींचं नंतर पाहू, असा विचार पुढे आला. पुन्हा तेच. आधी हे, मग ते. विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुलींनाही त्याच वेळी सक्तीचं शिक्षण मिळावं म्हणून पुण्यात मिरवणूक काढली. ज्या शहरात बहात्तर वर्षांपूर्वी सावित्रीबाईंनी मुलींना शिकवलं, त्या शहरात मुलींचा नंबर अजून दुसराच होता.

महाडच्या आठ दिवस आधी

20 मार्च 1927 ही तारीख तुम्हाला ठाऊक आहे. महाडचं चवदार तळं. पण त्याच्या आठ दिवस आधी, 12 मार्चला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणावरच्या खर्चाबद्दल बोलत होते.

त्यांनी मांडलेले आकडे असे. प्राथमिक शाळेत येणाऱ्या 100 मुलांपैकी फक्त 18 चौथीपर्यंत पोचतात. उरलेली 82 पुन्हा निरक्षर होतात. सरकार शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च करतं, आणि दारूवरच्या अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. त्यांचं म्हणणं होतं की निदान लोकांकडून अबकारीत घेतलेले पैसे तरी शिक्षणाच्या रूपाने त्यांना परत द्या.

पद्धत ओळखीची वाटली ना? हा 1882 चाच हिशोब आहे, पंचेचाळीस वर्षांनंतर. पैसा कोणाकडून येतो आणि कोणाकडे जातो. आठ दिवसांनी तळ्याच्या पाण्याबद्दलही मूळ प्रश्न तोच होता. सार्वजनिक म्हणवली जाणारी गोष्ट खरोखर सगळ्यांची आहे का?

वडाच्या झाडाखाली

आता एक गोष्ट अशी, की जिथे सरकारची वाट न बघता काम झालं. कुंभोजमध्ये जन्मलेले, कोल्हापुरात शाहू महाराजांच्या सहवासात वाढलेले भाऊराव पाटील. 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. मुलं शेतात काम करायची, शिकायची, पुन्हा काम करायची. कमवा आणि शिका. 1927 मध्ये गांधीजी त्या वसतिगृहात येऊन गेले.

पैसा संपला तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडून मुलांच्या जेवणाची सोय केली. मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही.

मला ही गोष्ट सांगताना नेहमी एक काळजी वाटते. आपण ती ऐकतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि आपण त्यागाला नमस्कार करून मोकळे होतो. पण एका बाईला मंगळसूत्र मोडावं लागलं, याचा अर्थ कोणीतरी आपलं काम केलं नव्हतं. जोतीरावांनी 1882 मध्येच सांगितलं होतं की हे काम तिजोरीचं आहे. त्यागाचा मान ठेवूनही हा प्रश्न विचारायलाच हवा.

त्याचबरोबर, त्या वसतिगृहाने काय शिकवलं तेही बघा. समता शिकवायला तिथे तास नव्हता. पंगत होती.

आणि आज

स्वतंत्र भारताच्या संविधानात कलम 45 आलं. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचं शिक्षण द्यायचा प्रयत्न राज्य करेल, असं त्यात होतं. दहा वर्षांची पन्नास झाली. 2002 मध्ये संविधान दुरुस्तीने तो मूलभूत हक्क झाला, 2009 मध्ये कायदा झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून तो लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण. जोतीरावांच्या निवेदनापासून मोजलं तर 128 वर्षं.

पण गोष्ट इथे संपली असं समजू नका. या कायद्यात खासगी शाळांनी 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या अशी तरतूद आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागांतून सूट. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

बातमी तुम्ही स्क्रोल करताना पाहिली असेल. नियम, किलोमीटर, टक्के, कंटाळवाणं वाटलं असेल. पण त्याच्या तळाशी काय होतं? घरकाम करणाऱ्या बाईचं मूल आणि ती ज्यांच्याकडे काम करते त्यांचं मूल एकाच बाकावर बसणार का? पेरी आणि जर्व्हिस भांडत होते तो प्रश्न, धारवाडचा प्रश्न, सातारच्या पंगतीचा प्रश्न. त्यावर दोन प्रामाणिक मतं असू शकतात. सरकारी शाळा सुधारण्याऐवजी मुलं खासगी शाळेत पाठवायची हे बरोबर का, असं विचारणारे आहेत आणि त्यांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे. फक्त हा नुसता कारभाराचा तपशील आहे असं कोणी म्हणालं, तर मान्य करू नका.

म्हणून यापुढे कोणी नेता, संस्थाचालक किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचे काका शिक्षणातल्या मूल्यांबद्दल बोलू लागले, की त्यांना तीन साधे प्रश्न विचारा. ही शाळा कोणासाठी आहे? पैसा कोणाचा आहे? आणि ज्याला थांबायला सांगताय, तो नेहमी तोच का असतो?

एक करून बघण्यासारखी गोष्टही सांगतो. याच कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती असते. सरकारी शाळेच्या समितीत निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. तुमच्या गावच्या, वाडीच्या किंवा वॉर्डातल्या शाळेच्या समितीत कोण आहे, तुम्हाला माहीत आहे का? तुमची वहिनी, शेजारची मावशी त्यात असेल, आणि बैठक कधी होते हे तिलाही कोणी सांगितलं नसेल. जाऊन विचारा. जमलं तर आगाऊ न कळवता जा. ही सूचना माझी नाही, पेठ जुना गंजमधल्या एका व्यापारी-शेतकऱ्याची आहे.

तुम्हाला काय सापडलं ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.